सोजरची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. दूध संस्थेचा सेक्रेटरी आहे मी, या शब्दातच माझा जन्म गेला. अर्ज भरणं, छाननी, माघार, सगळं झोपेत विचारा, सांगीन. पण या एका शब्दानं एका पोरीचं वर्ष कसं खाल्लं ते आठवलं की आजही जीव जळतो. बरं, खाणारा कुणी दुष्ट होता म्हणावं, तर तसंही नाही. जो तो तिचं भलंच करायला निघालेला. त्याचाच तर राग येतो.

गोष्ट खरी बंकट टेलरची आहे. नांदूरघाटाच्या रस्त्याला आमचा फाटा लागतो, तिथं त्याचं पत्र्याचं दुकान. एक पायमशीन, एक फळी आणि भिंतीला खिळ्यावर लटकवलेली मोठी काळी कात्री. घराणं मेंढ्यावाल्यांचं. बाप, आजा सगळे मेंढरांमागं फिरलेले. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं बसल्या जागी मेली, तेव्हा बापानं बंकटला बीडला नेलं आणि बशीरगंजात चाँदसाब उस्तादांच्या दुकानात बसवलं. पगार नाही. दोन वेळची भाकरी आणि शिकणं. दुकान झाडायचं, इस्त्रीचे कोळसे फुंकायचे, काज-बटण करायचं, पायजम्यांना तुरपाई घालायची. कात्रीला मात्र हात लावायचा नाही. अशी वर्षं गेली आणि एक दिवस उस्तादांनी आपली जुनी कात्री त्याच्या हातात ठेवली, म्हणाले, जा, आता तू मास्तर. तीच ही कात्री. कापड कापण्याआधी बंकट ती अजून कपाळाला लावतो.

हे सांगताना बंकट म्हणायचा, "मी बीडला उमेदवारी केली." जुन्या माणसांचा शब्दच तो. कुणाच्या हाताखाली बिनपगारी राहून धंदा शिकायचा, त्याला उमेदवारी म्हणायचे. आता हा अर्थ कुणाला ठाऊक आहे? आमच्या तालुक्यात उमेदवारी म्हणजे फॉर्म, गुलाल आणि जीपवरचा भोंगा. दुसरी उमेदवारी उस्तादांबरोबरच गेली.

या बंकटला एकच पोर, सोजर. बंकटच्या आईचं नाव सोजराबाई, तेच नातीला ठेवलं. गायी पोरीच्या पायगुणानं आल्या असं तिची आई साखराबाई म्हणायची, आणि सोजर अठराची झाली तेव्हा बंकटनं संस्थेचा शेअर मुद्दाम तिच्याच नावानं घेतला. दूध तिच्या नावावर यायचं. बारावीपर्यंत तीच घालायला यायची, एका हातात किटली, दुसऱ्या हातात पुस्तक. मी रागवायचो, दूध सांडशील बाई. सांडलं कधीच नाही.

पोरगी हुशार निघाली. अंबाजोगाईला बी. ए. केलं, मग कुठली तरी परीक्षा देऊन थेट दिल्लीला एम. ए.ला लागली. विषय, आंतरराष्ट्रीय संबंध. आता हा विषय आमच्या गावात समजावून सांगायचा म्हणजे दगडावर पेरणी. संबंध म्हटलं की लोक हसायचे. शेवटी साखराबाईनंच तोड काढली. कुणी विचारलं की सांगायची, "देशादेशांच्या सोयरिकी कशा जमतात न् कशा मोडतात, ते शिकती. आन् आमी सोयरीक आनली की न्हाई म्हन्ती!" आणि स्वतःच हसत सुटायची.

अठरा साली पाऊस झालाच नाही. एकोणीसच्या उन्हाळ्यात आडाच्या तळाला भेगा होत्या. बारकी मुलं त्यात उतरून खेळायची. संस्थेनं माळावर चारा छावणी काढली, अख्ख्या गावाची गुरं तिथं. बंकटच्या दोन गायी होत्या, त्यातली कपिली गाभण. आमच्या संस्थेचे चेअरमन सुंदरराव, आम्ही आबा म्हणतो. गावची निम्मी जमीन त्यांची, संस्था त्यांची, छावणीही त्यांचीच म्हणायची. माणूस वाईट नव्हे हो. अडीअडचणीला उभा राहणारा. फक्त खुर्चीकडं कुणी नुसतं पाहिलं तरी त्यांना घाम फुटायचा.

मे उजाडायच्या आत सोजर दिल्लीहून आली ती थेट संस्थेच्या ऑफिसात, माझ्यासमोर. मी म्हटलं परीक्षा झाली का? म्हणाली, परीक्षा झाली, पास होईन, एक गोष्ट राहिलीय. त्यांच्या कोर्सात असा नियम, की कुठल्या तरी संस्थेत दोन महिने इंटर्नशिप केल्याशिवाय डिग्री मिळत नाही. वर्गातल्या पोरी वकिलातींत गेल्या, परदेशी बँकांच्या ऑफिसांत गेल्या. कुणाचा काका मंत्रालयात, कुणाची मावशी कुठल्या देशात. हिनं सगळीकडं अर्ज केले. कुणी उत्तरच दिलं नाही, ज्यांनी दिलं त्यांनी सांगितलं या, पण पैसे मिळणार नाहीत, राहायचं तुमचं तुम्ही बघा. दिल्लीत दोन महिने राहायचं कशावर? आणि इकडं एप्रिलात एका मोठ्या अभ्यास संस्थेच्या बाईंनी तिचा निबंध वाचून तिला नोकरीला बोलावलेलं. अट एकच, डिग्री सप्टेंबरअखेर हातात पाहिजे.

मग तिच्या सरांनीच सुचवलं की तुझ्या गावात दूध संस्था आहे ना, तिथंच कर. जगाच्या बाजारात दूध पावडर स्वस्त झाली की तुझ्या गावात दुधाचा भाव का पडतो, ते शोध. तोही आंतरराष्ट्रीय विषयच आहे. मला तर ऐकून गंमत वाटली. गेल्या वर्षी भाव पडला तेव्हा आम्ही डेअरीवाल्याला शिव्या घातल्या होत्या, शिव्या न्यूझीलंडपर्यंत पोचवायच्या होत्या हे आम्हाला कुठं माहीत!

मी तिला आबांकडं घेऊन गेलो. आबा खूश. गावची पोरगी दिल्लीहून आमच्या संस्थेत शिकायला येते, केवढा मान! लगेच परवानगी दिली. मी तिला ऑफिसात खिडकीजवळ खुर्ची दिली आणि जुन्या फायली काढून दिल्या. पुढचे दोन-तीन आठवडे पोरगी सकाळी यायची, पंखा बंद असला तरी मान खाली घालून लिहीत बसायची. बघून बरं वाटायचं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढचं बिघडलं ते बंकटच्या आनंदानं.

झालं असं. बापानं तिला विचारलं, हे इंटर्नशिप म्हणजे काय गं? तिनं सांगितलं, दादा, एखाद्या संस्थेत बिनपगारी बसायचं, काम शिकायचं, मग ते लिहून देतात की हिनं काम केलं. बंकटचा चेहरा असा उजळला म्हणे, की साखराबाईला वाटलं पाऊस आला.

"म्हंजे उमेदवारी! मंग असं मराठीत सांग की."

त्याला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा पोरीचं शिक्षण त्याला पूर्ण कळलं. तोही बिनपगारी बसला होता, पोरगीही बसली. त्याच्या हातात कात्री पडली, हिच्या हातात डिग्री पडणार. माणूस हवेत चालायला लागला. बाजारच्या दिवशी पेढे घेतले आणि ज्याला त्याला सांगत सुटला, माझ्या सोजरची संस्थेत उमेदवारी पक्की झाली. आबांनी स्वतः परवानगी दिली.

आता तुम्हीच सांगा. पाच वर्षांनी येणारी संस्थेची निवडणूक जुलैत. शेअर पोरीच्या नावावर, दूध पोरीच्या नावावर. आणि बाप भर बाजारात पेढे वाटत सांगतोय, उमेदवारी पक्की. ऐकणाऱ्यानं काय समजावं?

ऐकणाऱ्यांत होते बद्रीनाथ. सुंदररावांचे चुलतभाऊ आणि जन्माचे वैरी. आबा पूर्वेला थुंकले तर हे पश्चिमेला थुंकणार. त्यांना वाटलं, मेंढ्यावाल्यांची वस्ती आबांच्या विरोधात उठली, तीही दिल्ली शिकलेली पोरगी पुढं करून! दुसऱ्या दिवशी हार घेऊन फाट्यावर हजर. बंकटला वाटलं पोरीचं कौतुक करायला आले. सोजर दुकानात डबा द्यायला आली होती, तिच्या गळ्यात हार घातला, बंकटच्या हातात नारळ दिला, फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या मोबाइलवर फिरत होता, खाली लिहिलेलं, "परिवर्तनाची उमेदवारी".

सोजरनं तो मला दाखवला. हसत होती. म्हणाली, काका, बघा काय करून ठेवलंय. मी नाही हसलो. पाण्यात राहून माशाशी वैर कसं पडतं ते मला माहीत होतं.

आबा कुणाला काही बोलले नाहीत. ते बोलतच नाहीत, तीच त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी सोजर आली तेव्हा खिडकीजवळची खुर्ची नव्हती. शिपायाला विचारलं तर म्हणाला, दुरुस्तीला नेलीय. फायलींचं कपाट बंद, किल्ली आबांच्या घरी. आणि छावणीत बंकटच्या गायी पार शेवटच्या दावणीला नेऊन बांधल्या, उताराच्या टोकाला. तिथं चाऱ्याची गाडी पोचेपर्यंत धसकटं उरायची, आणि पाणी पोचेपर्यंत गाळ. कपिली पोटुशी, आठ दिवसांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. साखराबाई घरच्या डब्यातलं पीठ कालवून पदराखाली झाकून नेऊन तिला घालायची. माणसांनाच पीठ कुठं होतं!

मला राहवेना. गेलो आबांच्या वाड्यावर. म्हटलं, आबा, घोळ झालाय. बंकट म्हणतो ती उमेदवारी निराळी. पोरगी शिकायला आलीय. धंदा शिकण्यालाही उमेदवारीच म्हणतात, जुना शब्द आहे.

आबा पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "मला मराठी शिकवतो का बे?"

मग ते म्हणाले, आपण चाळीस वर्षं राजकारणात काढली, शिकण्यासाठी उमेदवारी करणारा एकही माणूस आपल्याला भेटला नाही. हा बद्रीनाथचा डाव आहे आणि तू त्याला फसलास. मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाले, गहिनीनाथ, तुझी नोकरी संस्थेत आहे का बंकटच्या दुकानात? उठलो आणि आलो. माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत. आणि काय बोलणार होतो? त्यांचंही बरोबरच होतं. त्यांच्या जन्मात त्या शब्दाला दुसरा अर्थ आलाच नव्हता.

सोजरनं बद्रीनाथांना जाऊन सांगितलं की मी उभी राहणार नाही. ते हसून म्हणाले, पक्का माणूस असाच बोलतो, शेवटच्या दिवसापर्यंत कळू देऊ नकोस. घ्या! जितकं नाही म्हणावं तितकी उमेदवारी पक्की.

मग बंकटनंच मार्ग काढला, त्याच्या अकलेप्रमाणं. ज्या शब्दानं आबा रागावले, तो शब्दच मागं घ्यायचा. सकाळी छावणीत आबा मांडवाखाली बसलेले, भोवती गाव. बंकट सोजरला घेऊन आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आयुष्यात मी त्याचं डोकं तेव्हा पहिल्यांदा उघडं पाहिलं, सगळं पांढरं झालेलं.

"आबा," म्हणाला, "माझ्या पोरीची उमेदवारी मी मागं घेतो."

आबा म्हणाले, बापाच्या सांगण्यावर माघार होत नाही, उमेदवाराच्या तोंडून यायला पाहिजे.

मी सोजरकडं पाहिलं. तिला कळत होतं आपण काय मागं घेतोय ते. त्या मांडवात फक्त तिला आणि मला कळत होतं. तिनं लांब, उताराच्या टोकाला उभ्या असलेल्या कपिलीकडं एकदा पाहिलं. "मागे घेते, आबा," म्हणाली.

आबांचा चेहरा मोकळा झाला. स्वतः उठून बंकटच्या डोक्यावर टोपी ठेवली. म्हणाले, आता मनात काई ठिवू नका, गायी जागेवर आणा. त्याच दुपारी गायी पहिल्या दावणीला आल्या, आणि कपिलीला आबांच्या घरची पेंड. असा माणूस! राग गेला की गेला. पण खुर्ची काही परत आली नाही. आबांच्या लेखी ऑफिसात बसणं हा त्या उमेदवारीचाच भाग, माघारीबरोबर तेही गेलं. मागं घेतलेली उमेदवारी पुन्हा कशी करणार? आबांना वाटलं प्रकरण मिटलं, बंकटला वाटलं आता खुर्ची परत येईल, पोरगी निवांत बसून शिकेल, आणि सोजर घरी बसून दिल्लीला विनवण्या लिहीत राहिली. सरांनी मुदत वाढवून दिली, ऑगस्टअखेरपर्यंत. पुढं एक दिवसही नाही, असं बजावून.

जून कोरडा गेला. जुलै लागला, निवडणुकीचं वारं सुरू झालं आणि आबांच्या डोक्यात एक विचार आला. बोर्डावर बायकांच्या राखीव जागा असतात. दरवेळी तिथं आबांच्या घरातल्या सुना. यावेळी बद्रीनाथच्या हारानं सोजरचं नाव गावभर झालेलं, आणि मेंढ्यावाल्यांची सगळी वस्ती एकगठ्ठा मतांची. मग तिलाच घेतलं तर? मोठेपणा मिळतो आणि बद्रीनाथच्या तोंडाला पानं पुसली जातात.

आबा फाट्यावर बंकटच्या दुकानात आले. चेअरमन त्या पत्र्याखाली पहिल्यांदाच. बंकटनं फळी पुसली. मी फॉर्म घेऊन सोबत होतो, मला काय काम सांगितलं होतं ते ओळखा. आबांनी सोजरला बोलावलं, डोक्यावर हात ठेवला.

"तुला उमेदवारी पायजे व्हती ना, पोरी? घे. बिनविरोध."

बंकट माझ्याकडं बघायला लागला. मग आबांकडं, मग पोरीकडं. त्याला वाटलं खुर्ची परत आली. भोळा जीव, त्यानं आबांच्या पायाला हात लावला. आबा निघून गेले तेव्हा सोजर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, न्हाई म्हणता येतं का?"

काय सांगायचं? न्हाई म्हटलं तर गायी पुन्हा उतारावर. शिवाय बातमी वाऱ्यासारखी गेलेली. संध्याकाळपर्यंत आष्टीहून साखराबाईचे भाऊ फेटे घेऊन आले. वस्तीत हलगी वाजली. म्हातारे रडत होते, आपल्या माणसाला बोर्डात कधी बसू दिलं नव्हतं, आता आपली पोरगी बसणार. साखराबाईनं ज्याच्या त्याच्या तोंडात साखर घातली. इतक्या माणसांच्या आनंदावर पाणी कुणी ओतायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि खरं सांगायचं तर सोजरनं तेव्हा एक आशा धरली. म्हणाली, काका, संचालक झाले तर ऑफिसात बसायला मला कोण अडवणार? राहिलेले दिवस भरते. आबा आता खूश आहेत, सर्टिफिकेटवर सही करतील. मला ते पटलं. तिनं फॉर्मवर सही केली.

निवडून आली. बिनविरोध. बद्रीनाथनी दुसऱ्या जागांवर धडक दिली आणि आपटले. मिरवणूक निघाली, तिच्या केसांत गुलाल, आणि ती मला लांबूनच विचारत होती, कपाटाची किल्ली आणली का?

त्यानंतर ती जी बसली ती ऑगस्टभर. पावडरचं सगळं कोडं तिनं उलगडलं. कुठल्या देशात गायी जास्त दूध द्यायला लागल्या, कुठं पावडरीचे डोंगर साचले, आणि त्या डोंगराचा एक दगड घरंगळत येऊन बंकटच्या किटलीवर कसा पडला. मला वाचून दाखवायची. मला निम्मं कळलं, पण जे कळलं त्यात आमच्या गावाचं नाव होतं, आणि ते ऐकून ऊर भरून यायचा. इकडं कपिली व्याली, कालवड झाली. आबा जाता येता विचारायचे, पोरी, काही लागलं तर सांग.

सर्टिफिकेटची वेळ आली तेव्हा आबांनी माझ्या हातातला साधा कागद बाजूला केला. नव्या बोर्डाचं नवं लेटरहेड नुकतंच बीडहून छापून आलेलं, गुळगुळीत कागद, वर गायीचं चित्र. म्हणाले, पहिला कागद आपल्या पोरीचा. त्यावर टाईप कर. मी केलं. आबांनी झोकात सही ठोकली. कागदाच्या डाव्या बाजूला, वरून खाली, साऱ्या संचालकांची नावं छापलेली, आणि सगळ्यात शेवटी, "कु. सोजर बंकटराव देवकते". बंकटला आयुष्यात पहिल्यांदा कुणी राव लावलं होतं. त्यानं माझ्याकडून त्यातला एक कोरा कागद मागून नेला आणि दुकानात फळीवरच्या काचेखाली ठेवला. गिऱ्हाइकाला दाखवायचा.

सप्टेंबर लागला आणि दिल्लीहून तिच्या सरांचा फोन आला. सोजर ऑफिसातच होती, माझ्यासमोर. येस सर, येस सर म्हणत होती, मग हिंदीत काहीतरी समजावायला लागली, मग नुसतीच ऐकत राहिली. फोन ठेवला आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत बसली.

मी विचारलं, कावून गं, काय म्हणाले?

म्हणाली, अहवाल फार चांगला आहे म्हणाले. असा कुणीच केला नाही म्हणाले. पण सर्टिफिकेट चालत नाही. ज्या संस्थेनं सर्टिफिकेट दिलं त्या संस्थेच्या संचालकांत माझंच नाव छापलंय. संचालकानं आपल्याच संस्थेत शिकाऊ म्हणून काम केलं आणि आपणच आपल्याला दाखला दिला, असं होतं ते. नियमात बसत नाही.

मला संताप आला. म्हटलं, सांगायचं ना, तुला न विचारता केलंय ते!

"सांगितलं, काका. फॉर्मवर तुझी सही आहे ना, म्हणाले. आहे म्हणाले मी."

राजीनामा दिला तरी आता उपयोग नव्हता, काम संचालक असतानाच झालेलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दुसरीकडं दोन महिने, मग डिग्री. नोकरी देणाऱ्या दिल्लीच्या बाईंनी वाईट वाटल्याचं कळवलं आणि ती जागा दुसऱ्या पोरीला दिली. आबांना मी सांगितलं तेव्हा त्यांना खरंच धक्का बसला. म्हणाले, आपण तर पोरीला मोठं केलं! दिल्लीला पत्र लिहितो म्हणाले, आणि त्याच लेटरहेडवर लिहायला घेतलं. मला मराठी शिकवायची हौस उरली नव्हती.

बंकटला सांगायला आम्ही दोघं फाट्यावर गेलो. तो ऐकत होता, पाय मशीनवर, पण पट्टा फिरत नव्हता. सोजरनं दोनदा समजावलं. काम चांगलं झालं दादा, पण कागदावर माझं नाव छापलंय म्हणून चालत नाही. त्याच्या उस्तादांनी तर काम शिकल्यावर त्याला मास्तर हे नाव दिलं होतं, नाव असल्यामुळं काम वाया जातं हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग उठला. काच उचलली, खालचा तो कोरा कागद काढला. खिळ्यावरची कात्री घेतली, कपाळाला लावली, आणि डाव्या बाजूची नावांची पट्टी वरपासून खालपर्यंत कापून काढली. अशी सरळ, की आखूनसुद्धा कुणाला जमणार नाही. सुंदरराव, बाकीचे संचालक आणि बंकटराव, सगळे फळीवर पडले.

उरलेला कागद त्यानं पोरीपुढं धरला.

"ह्याच्यावर लिहून धाडलं तर जमंल का, बग बरं."

मी तोंड दुसरीकडं केलं. हे जमत नाही असं त्याला आबा नाही सांगू शकत, दिल्ली नाही सांगू शकत, मी तर कोण! सोजरनं कागद घेतला, कडेवरून बोट फिरवलं, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"जमंल, दादा," म्हणाली.

बंकटनं मान हलवली आणि मशीन चालू केली. दुपारी बोर्डाची मीटिंग होती, छावणी बंद करण्याचा ठराव होता. ती माझ्याबरोबरच निघाली.